खांब कोणाचा, हे आधी विचारा

अलास्कातल्या केचिकानच्या धक्क्याला क्रूझ लागली की थोड्याच वेळात सगळा घोळका टोटेम खांबांखाली, म्हणजे प्राण्या-माणसांच्या आकृत्या कोरलेल्या उंच लाकडी खांबांखाली, जमतो. माना वर, फोन वर, आणि प्रश्न एकच: "याचा अर्थ काय हो?" मी जूनोत राहते. उन्हाळ्यात ओळखीतून आलेल्या मराठी पाहुण्यांना अलास्काच्या या आग्नेय पट्ट्यात फिरवून आणणं हे आता माझ्याकडेच लागलंय. त्यांना मी वाटेतच सांगून ठेवते की अर्थ राहू दे, आधी विचारायचं, खांब कोणाचा? इथल्या मूळ रहिवासी ट्लिंगित लोकांत खांबावरचा प्राणी, त्याच्यामागची कथा आणि ती कथा चारचौघांत सांगायचा हक्क, हे सगळं एका ठरावीक कुळाच्या मालकीचं असतं. मालक कळल्याशिवाय वर कोरलेलं अस्वल हे नुसतंच अस्वल.

मी ट्लिंगित नाही. खाली लिहिलंय ते त्या कुळांनी स्वतः जाहीरपणे सांगितलेलं, पाट्यांवर लावलेलं किंवा इतिहासात नोंदलेलं, तेवढंच.

आधी नाती

ट्लिंगित समाजाच्या दोन बाजू आहेत: डोमकावळा आणि गरुड. काही गावांत गरुडाऐवजी लांडगा म्हणतात. माणूस जन्मतो तो आईच्या बाजूचा. लग्न करायचं समोरच्या बाजूत, हा जुना नियम. त्यामुळे प्रत्येक घरात बाप एका बाजूचा आणि त्याचीच मुलं दुसऱ्या. वारसा बापाकडून नाही, मामाकडून भाच्याकडे जातो. पूर्वी मुलगा जरा जाणता झाला की त्याला शिकायला मामाच्या घरी पाठवत, कारण पुढे पद, नाव आणि घराण्याच्या वस्तू सांभाळायच्या त्या मामाच्याच.

या दोन बाजूंच्या पोटात डझनावारी कुळं आहेत. डोमकावळ्याच्या बाजूला किक्सआदी (त्यांचा बेडूक), देशितान (बीव्हर), लुक्नाखआदी (कोहो सॅल्मन). गरुडाच्या बाजूला कागवानतान (लांडगा), तेकवेदी (तपकिरी अस्वल), दाक्लवेदी (ऑर्का). कुळाच्या पोटात पुन्हा घरं, आणि घरालाही स्वतःचं नाव. एवढी यादी पाठ करायची गरज नाही, पण ज्या गावी जाणार तिथली दोन-तीन कुळं माहीत असली की समोरचा खांब बोलायला लागतो.

आपल्याकडचं देवक डोळ्यांसमोर आणलं तर सुरुवातीला मदत होते: एका कुळाचं एक चिन्ह, आणि ते चिन्ह सारखं असेल तर सोयरीक नाही. पण तुलना तिथंच सोडून द्या. देवकाची आपण पूजा करतो, ट्लिंगित चिन्हाची पूजा होत नाही. आमच्या एक मावशी केचिकानजवळच्या सॅक्समन गावी पहिल्याच खांबासमोर चप्पल काढून हात जोडून उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या भावनेला कोण काय म्हणणार? पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मिशनऱ्यांनी नेमका हाच अर्थ लावला, की या मूर्ती आहेत, आणि खांब पाडा, जाळा, नवे उभारू नका असा धोशा लावला. त्यात किती गेलं याला हिशेब नाही.

मग चिन्ह म्हणजे काय? ट्लिंगित लोक त्याला 'आतऊ' म्हणतात: पूर्वजांनी काहीतरी मोजून मिळवलेली, कुळाच्या मालकीची ठेव. पुष्कळदा ते मोल जिवाचं असतं. ठेव म्हणजे फक्त प्राणी नाही. गाणं, व्यक्तीचं नाव, शिरस्त्राण, डोंगर, अगदी हिमनदीसुद्धा. ग्लेशियर बे या खाडीत हिमनदी पुढे सरकत आली आणि तिथल्या हूना ट्लिंगित लोकांना गाव सोडावं लागलं, तेव्हा चूकानेदी कुळातली एक स्त्री मागेच राहिली. ती हिमनदी आज त्या कुळाची आहे, कारण तिची किंमत त्यांनी भरली आहे. अशा ठेवीवरून भांडणंही व्हायची. सिटकात बेडकाच्या चिन्हावरून दोन कुळांत मोठा तंटा झाला होता. बेडूक ही काय भांडायची गोष्ट, असं वाटत असेल तर वरची हिमनदीची गोष्ट परत वाचा.

म्हणूनच भेटवस्तूंच्या दुकानांत मिळणारी ती छापील कार्डं, 'गरुड म्हणजे सामर्थ्य, बेडूक म्हणजे समृद्धी', ती घेऊ नका. कोणीतरी दुकानात खपावं म्हणून केलेली जुळवाजुळव आहे ती.

आता प्राणी ओळखा

हे काम वाटतं त्यापेक्षा सोपं आहे, फक्त नजर कुठे टाकायची ते कळलं पाहिजे. सुरुवात कानांपासून करा. कान डोक्याच्या वर असतील तर प्राणी किंवा पक्षी, डोळ्यांच्या बाजूला असतील तर माणूस. हो, पक्ष्यालाही वर कान असतात, त्यावर वाद घालू नका. माणसाचा चेहरा आणि प्राण्याचे कान असं दिसलं तर समजा की हा मूळचा प्राणीच, माणसाच्या रूपात आलेला. या कथांमध्ये अशी ये-जा सतत चाललेली असते.

मग चोच. डोमकावळ्याची लांब आणि सरळ, टोकाला किंचितच उतरती. गरुडाची जाड, टोकाशी खाली वाकलेली. चोच इतकी वळली असेल की टोक परत तोंडाकडे आलंय, तर तो ससाणा किंवा मेघगर्जनेचा पक्षी. मोठ्या खांबांवर डोमकावळ्याची चोच वेगळ्या लाकडाची करून बसवलेली असते. जुन्या खांबावर ती गळून पडलेली असते आणि चेहऱ्याच्या मध्यभागी खाच तेवढी राहते. अशी खाच दिसली की तिथं काहीतरी होतं हे ओळखा. ऑर्काच्या पाठीवरच्या परांचंही तसंच होतं.

बीव्हर ओळखायला पोरंसुद्धा चुकत नाहीत: पुढचे दोन मोठे दात, पंजांत धरलेली काठी, आणि पोटावर वर वळवलेली चपटी शेपटी, तिच्यावर आडव्या-उभ्या रेघांची जाळी. अस्वल आणि लांडगा मात्र गोंधळात टाकतात. दोघांनाही दात, दोघांनाही पंजे. नाकाडाकडे बघा. अस्वलाचं आखूड आणि रुंद, पुष्कळदा जीभ बाहेर. लांडग्याचं लांब, वर कान टोकदार. बेडकाचं तोंड रुंद, बिनदाताचं. शार्कच्या जातीतला छोटा मासा असेल तर कपाळ उंच, गालांवर कल्ल्यांचे बाक, तोंडाचे कोपरे खाली ओढलेले.

एवढं झालं की जवळ जा, पण हात लावू नका. पाऊस नुकताच थांबलेला असेल आणि ऊन तिरकं असेल तर नशीब तुमचं, कारण मग वाकसाचे घाव दिसतात: बोटभर रुंदीच्या उथळ खोबण्या, एकीला लागून एक, रांगेत. चांगल्या कारागिराच्या हातचे घाव आकाराच्या वळणाबरोबर वळतात. भुवईवर एका दिशेला, गालाच्या फुगवट्यावर दुसऱ्या. घाईत केलेल्या खांबावर पृष्ठभाग घासून गुळगुळीत केलेला असतो आणि आकार रंगावर तोललेला असतो. रंग मुळात तीनच: काळा, तांबडा आणि निळसर हिरवा. काळी रेघ आकार बांधते, तांबडा आत भरतो, हिरवा खोलगट जागी. पूर्वी हे रंग कोळसा, गेरू आणि तांब्याच्या खनिजांतून यायचे, आणि घट्ट बसावेत म्हणून सॅल्मनची अंडी चावून त्यात मिसळायचे. गुलाबी, पिवळा, भडक निळा दिसला तर तो अलीकडचा हात.

एक गैरसमज इथंच काढून टाकते. सर्वांत खालची आकृती म्हणजे सर्वांत खालचा दर्जा, असं काही नाही. उलट ती लोकांच्या डोळ्यांसमोर येते म्हणून मुख्य कारागीर बऱ्याचदा तिच्यावरच जास्त जीव ओततो.

खांब कशासाठी उभा आहे?

सगळे खांब एकाच कामाचे नसतात. सर्वांत जुना प्रकार बाहेर दिसतच नाही. तो कुळाच्या मोठ्या लाकडी घराच्या आत असतो, छताच्या तुळया पेलणारा. क्लुक्वान गावच्या 'व्हेल हाउस'चे असे चार खांब प्रसिद्ध आहेत. 1984 मध्ये ते गावातून बाहेर नेले गेले, लांबलचक खटला चालला, आणि 1994 मध्ये ते परत आले.

बाहेरचे खांब कोणी गेल्याच्या स्मरणार्थ, किंवा कुळाची ओळख मिरवण्यासाठी. काहींच्या मागच्या बाजूला पोकळी असते. ट्लिंगित लोक पूर्वी दहन करत, आणि अस्थी त्या पोकळीत ठेवत. म्हणून खांबाला नेहमी एक फेरी मारा. समोरून फोटो काढून निघून जाणाऱ्यांना ही पोकळी कधी दिसतच नाही.

आणि मग माझा आवडता प्रकार, लाज काढणारा खांब. 1867 मध्ये अमेरिकेने रशियाकडून अलास्का 72 लाख डॉलरला घेतलं, तो व्यवहार करणारे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री विल्यम सीवर्ड 1869 मध्ये इकडे आले. टोंगास गावच्या ट्लिंगित प्रमुखाने त्यांना मोठी मेजवानी दिली, भेटी दिल्या. रीत अशी की याची परतफेड व्हायला हवी. सीवर्ड घेऊन गेले ते गेलेच. मग त्यांचा खांब उभा राहिला, खाली भेटीची पेटी, आणि नाक-कान तांबडे रंगवलेले. सॅक्समनमध्ये 2017 मध्ये स्टीफन जॅक्सन या कारागिराने त्याची नवी आवृत्ती केली. बाकी जगात सीवर्डचे पुतळे आहेत, इथं उधारी आहे. चुकती झाली तरच असा खांब उतरवायचा, हा दंडक.

कोणी कोरला, कोणी पाहिला

डोमकावळ्याच्या बाजूच्या कुळाला खांब हवा असेल तर जुन्या रीतीने तो कोरायचं काम गरुडाच्या बाजूकडे जातं, आणि उलट. स्वतःचा खांब स्वतः कोरून उभा केला तर त्याला साक्ष कोणाची? उभारणीच्या वेळी 'कू-ईख' होतो, ज्याला बाहेरचे लोक पॉटलॅच म्हणतात. यजमान कूळ समोरच्या बाजूला बोलावतं, आपली गाणी, नावं, कथा त्यांच्यासमोर मांडतं, आणि पाहुण्यांना साक्षीबद्दल मोबदला देतं, कारागिरांना कामाबद्दल. पाहुण्यांनी मोबदला स्वीकारला म्हणजे दावा मान्य केला. कागद नव्हता तिथं ही नोंदणी होती. आज कारागीर कोणत्याही बाजूचा असू शकतो, पण 'दुसऱ्या बाजूचं कोण होतं?' हा प्रश्न मार्गदर्शकाला विचारून बघा. ट्लिंगित मार्गदर्शकाचा चेहरा बदलतो, आणि पुढची दहा मिनिटं तुम्हाला पाठ केलेलं भाषण ऐकावं लागत नाही.

कुठे, कोणत्या क्रमाने

केचिकानला असाल तर आधी टोटेम हेरिटेज सेंटरला जा. पर्यटक शेवटी जातात किंवा जातच नाहीत, कारण तिथले खांब रंगवलेले नाहीत. टोंगास बेट, व्हिलेज बेट आणि ओल्ड कसान या सोडलेल्या गावांतून आणलेले एकोणिसाव्या शतकातले मूळ खांब आहेत, तडकलेले, करडे, काही अर्धेच. (ओल्ड कसान हे हायडा लोकांचं गाव. हायडा आणि ट्लिंगित शेजारी, पण वेगळे. सिटकाच्या उद्यानातलेही पुष्कळ खांब मूळचे हायडा आहेत, तेव्हा तिथंही विचारून घ्या.) हे पाहिलं की नंतरच्या रंगीत खांबांमध्ये काय जुनं आणि काय नवं, हे आपोआप कळायला लागतं.

मग दक्षिणेला चारेक किलोमीटरवर सॅक्समन. तिथं कारागिरांची शेड आहे, काम चालू असेल तर रेड सीडरच्या लाकडाचा वास बाहेरपर्यंत येतो. उत्तरेला सुमारे सोळा किलोमीटरवर टोटेम बाइट हे खांबांचं उद्यान, तिथलं कुळाचं घर आतून बघण्यासारखं आहे. छत्री आणू नका, टोपीचा रेनकोट आणा. केचिकानला वर्षाला दीडशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो, आणि छत्री धरून मान वर करता येत नाही.

सिटकात वेळ काल्यानच्या खांबाला द्या. 1804 मध्ये रशियन जहाजं परत आली तेव्हा इंडियन नदीच्या तोंडाशी किक्सआदींनी किल्ला लढवला. काल्यान हा त्यांचा योद्धा, डोक्यावर डोमकावळ्याचं शिरस्त्राण, हातात लोहाराचा हातोडा. किल्ल्याच्या त्याच जागी 1999 मध्ये हा खांब उभारला. पायथ्याशी बेडूक आणि ते शिरस्त्राण शोधा, वर डोमकावळ्याच्या बाजूच्या इतर कुळांची चिन्हं आहेत. मूळ शिरस्त्राण गावातल्याच शेल्डन जॅक्सन संग्रहालयात आहे. खांब पाहून लगेच तिकडे चालत जा.

ग्लेशियर बेमध्ये जाणार असाल तर बार्टलेट कोव्हचं हूना कुळांचं घर चुकवू नका. ते 2016 मध्ये उघडलं.

पाटीवर काय नसतं

उद्यानांतले बरेचसे खांब प्रती आहेत. 1938 पासून, महामंदीच्या काळातल्या सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर या सरकारी रोजगार योजनेतून, ट्लिंगित आणि हायडा कारागिरांना कामावर घेऊन सोडलेल्या गावांतले खांब आणले गेले. जे टिकण्यासारखे होते ते दुरुस्त केले, जे कुजले होते ते नव्याने कोरले. ज्येष्ठांच्या हाताखाली तरुण शिकले, हे चांगलं झालं. पण खांब आपल्या जमिनीवरून उठून पर्यटकांच्या रस्त्यावर आला, हेही झालं. रीतीप्रमाणे जुना खांब पडू द्यायचा असतो. नवा हवा असेल तर नवा समारंभ करायचा. म्हणून पाटीवर 'प्रत' शब्द शोधा, आणि मूळ खांब कोणत्या गावी उभा होता ते विचारा.

'आणला' या शब्दाकडे विशेष लक्ष ठेवा. 1899 मध्ये सिएटलच्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यांची एक बोट टोंगास गावी थांबली. गावकरी मासेमारीला गेलेले. या मंडळींनी गानाखआदी कुळाचा खांब पाडला, तुकडे करून बोटीत घातला आणि सिएटलच्या पायोनियर स्क्वेअरमध्ये उभा केला. 1938 मध्ये तो कोणीतरी पेटवला. आज तिथं आहे तो ट्लिंगित कारागिरांनी कोरलेला, 1940 मध्ये बसवलेला. त्याच 1899 च्या उन्हाळ्यात हॅरिमन या शास्त्रीय मोहिमेने केप फॉक्स गावातून खांब उचलले आणि ते मोठमोठ्या संग्रहालयांत गेले. ते 2001 मध्ये परत आले. त्यात हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयातला तेकवेदी कुळाचा खांब होता. केप फॉक्सच्या लोकांनी त्या संग्रहालयाला सीडरचा एक ओंडका भेट दिला, आणि नेथन जॅक्सन या ट्लिंगित कारागिराने त्यातून नवा खांब कोरून दिला. ज्यांनी नेलं त्यांनाच वर भेट? मला हे समजायला वेळ लागला. पण वर सीवर्डची गोष्ट सांगितलीच आहे, देणं अंगावर ठेवायचं नाही ही इथली रीत.

पाटीवर विश्वास किती ठेवायचा, याला सॅक्समनचा लिंकन खांब चांगला. टोकाला उंच टोपीतले अब्राहम लिंकन. बरेच जण सांगतात की गुलामगिरी संपवल्याबद्दल कृतज्ञता म्हणून. गानाखआदी कुळाकडून नोंदवलेली हकिकत वेगळी आहे: आपल्या पूर्वजांनी इथं गोरा माणूस सर्वांत आधी पाहिला, हा त्यांचा मान, आणि गोरा माणूस दाखवायला समोर लिंकनचं चित्र मिळालं. मूळ आकृती जूनोच्या राज्य संग्रहालयात आहे.

थोडं वागण्याबद्दल

उघड्यावरच्या खांबांचे फोटो खुशाल काढा. कुळाच्या घरात, किंवा समारंभ चालू असेल तर, विचारून. गाणं ध्वनिमुद्रित करू नका, गाणी सर्वांत जपली जातात. चिन्ह टॅटूवर, टी-शर्टवर, कंपनीच्या लोगोवर उतरवू नका, कितीही देखणं असलं तरी. नाणी वाहू नका. आणि एखादी कथा ऐकलीत तर घरी सांगताना 'एक ट्लिंगित लोककथा' म्हणून नाही, तर कोणत्या कुळाची ते सांगून सांगा. जगाला उजेड देणाऱ्या डोमकावळ्यासारख्या काही कथा सगळ्यांना ठाऊक आहेत. बाकीच्यांना मालक आहे.

जूनोला आलात तर बंदराच्या काठाने चालत जा. 2023 मध्ये तिथं बारा खांब एकदम उभे राहिले, आणि प्रत्येकाच्या पायथ्याशी कुळाचं नाव, कारागिराचं नाव आणि कथा लिहिलेली आहे. फोटोखाली काय लिहायचं ते तिथूनच उतरवून घ्या: कोणत्या कुळाचा, कोणत्या बाजूचा, कोणी कोरला, कोणत्या वर्षी उभारला. पाटी वाचता यावी म्हणून आधी तिचाच एक फोटो काढून ठेवा, घरी गेल्यावर सगळे खांब एकसारखे दिसायला लागतात.